सिस्टरकडे एप्रिलमध्ये येणारी माणसं

आम्ही बर्मिंगहॅमला आलो ते एकोणीसशे पासष्ट सालच्या अखेरीला. ह्यांना तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टरची नोकरी लागली होती. आमचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. मिरजेहून निघताना आईने ट्रंकेत कपड्यांच्या घडीत मेतकुटाचा डबा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी दडवली होती. "तिकडे काय मिळतं देव जाणे," एवढंच ती म्हणाली होती.

घर भाड्याचं होतं. लाल विटांच्या, एकाला एक चिकटलेल्या घरांची लांबच लांब रांग, प्रत्येकाच्या मागे रुमालाएवढं अंगण. आमच्या आणि शेजारच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. पलीकडे सिस्टर राहायच्या. दूधवाल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. पन्नाशीच्या, उंच, एकट्या. त्या डिस्ट्रिक्ट नर्स होत्या, म्हणजे सायकलवरून घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणींवर लक्ष ठेवायचं. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नसतो, पण माझ्या मनात त्यांना पहिल्या दिवसापासून 'तुम्ही'च होतं.

पहिलं वर्षभर आमचं बोलणं भिंतीवरूनच झालं. वाळत घातलेल्या साड्यांचं त्यांना फार कौतुक वाटायचं. "ही एवढी लांब तू पिळतेस तरी कशी?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि मग उत्तराची वाट न पाहता भिंतीवरून हात पुढे करून साडीचं एक टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून ती पिळली. त्यानंतर त्या घरी असल्या, की मला एकटीला साडी पिळावी लागली नाही.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात माझं पहिलं बाळ गेलं. सातवा महिना होता. हॉस्पिटलमध्ये तेव्हा असं बाळ आईला दाखवायची पद्धत नव्हती. सगळे फार सभ्यपणे वागले, पण ते बाळ होतं असं कुणीच म्हटलं नाही. चार-पाच दिवसांनी हे मला घरी घेऊन आले आणि मी खाणं सोडलं.

मी काही ठरवून सोडलं नव्हतं. समोर आणलं की नकोसं व्हायचं. ह्यांना स्वयंपाक म्हणजे अंडं उकडण्यापलीकडे येत नव्हता. डबाबंद टोमॅटोचं सूप, कस्टर्ड, दुधात भिजवलेली बिस्किटं असं काहीबाही ते माझ्यापुढे आणून ठेवायचे. मी मान फिरवायचे. डॉक्टर असून त्यांना काही सुचत नव्हतं. "अगं, दोन घास तरी. माझ्यासाठी," असं म्हणायचे, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले, की जिन्यात जाऊन बसायचे. त्यांचा उसासा मला वर ऐकू यायचा.

सिस्टर आधी ड्यूटी म्हणूनच आल्या. माझं ब्लडप्रेशर बघितलं, टाके बघितले. दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसताना आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. खाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. विणकाम करत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने सुई न थांबवता म्हणाल्या, "मुलगा होता की मुलगी, सांगितलं का तुला कुणी?"

मी म्हटलं, "नाही."

"विचारू का तुझ्या नवऱ्याला?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्या खाली गेल्या. परत आल्या त्या ह्यांना घेऊनच. ह्यांनी पलंगाच्या कडेला बसून मला सांगितलं, "मुलगी होती." त्यांना सगळं माहीत होतं, मला त्रास होईल म्हणून बोलले नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो. सिस्टर कधी उठून गेल्या ते आम्हाला कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुणी आजारी पडलं, तर आई काय खायला देते?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मऊ भात."

"कसा करतात?"

मी पडल्या पडल्या सांगत गेले. तांदूळ भरपूर पाण्यात गुरगुटेपर्यंत शिजवायचा, मीठ घालायचं, वर तूप, मेतकूट, बाजूला लोणच्याची फोड. मेतकूट म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता सांगता माझी दमछाक झाली. शेवटी म्हटलं, "भाजलेल्या डाळींची पिवळी पावडर. खाली कपाटात आहे." सिस्टर उठल्या. खालून भांड्यांचे आवाज येऊ लागले. मधेच ह्यांचा आवाज आला, "नाही, नाही, बटर जळतंय!" त्या दिवसांत आमच्या भागात नेहमीचा तांदूळ मिळणं मुश्कील, पण इंग्रज लोक खिरीसाठी वापरतात तो जाडा, आखूड तांदूळ सगळीकडे मिळायचा. मऊ भाताला तो अगदी फर्मास. हे मला त्या दिवशी कळलं.

सिस्टरनी बशीत भात आणला. मी चमचा तोंडाला लावला आणि थांबले. सवयीने त्यांनी त्यात दूध आणि साखर घातली होती. मी चमचा खाली ठेवून म्हटलं, "सॉरी सिस्टर. गोड नको. गोड जात नाही मला."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या असतील असं मला वाटलं. पण त्यांनी बशी उचलली, "अर्थात. अर्थात गोड नको. मला कळायला हवं होतं," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि परत खाली गेल्या. अर्ध्या तासाने नवा भात आला. खारा, पिवळा, वर करपट वासाचं तूप. मी तीन चमचे खाल्ला. चौथा खाणार, तर त्यांनीच बशी बाजूला घेतली. "आज एवढंच. आवडलं तरी एवढंच. उद्या पाच." हे दारात उभे होते. त्यांनी इतके दिवस मिनतवाऱ्या करूनही मी एक घास खाल्ला नव्हता आणि आता ही बाई पुढ्यातलं ताट काढून घेत होती.

मी हिंडूफिरू लागल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला बोलावलं. तिथे मी आपणहून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी असं का म्हणालात, मला कळायला हवं होतं म्हणून?"

त्यांनी सांगितलं, पण एका दमात नाही. चहा ओतला, मांजराला बाहेर घालवलं, परत आल्या. मग म्हणाल्या, "युद्धात मी लष्कराची नर्स होते. आमचं हॉस्पिटल सैन्याच्या मागून मागून जायचं. शेवटच्या वसंतात आम्हाला उत्तर जर्मनीतल्या एका छळछावणीत पाठवलं. सैनिक आधी पोचले होते. आम्ही नंतर."

छळछावणी म्हणजे काय हे मला वर्तमानपत्रात वाचून माहीत होतं तेवढंच. ज्यू लोकांना आणि आणखी कितीतरी जणांना कोंडून उपाशी मारलं, हे ठाऊक होतं. पण तिथे गेलेलं माणूस असं समोर बसून चहा ढवळत असेल, ही कल्पना नव्हती.

"तिथे काय पाहिलं ते मी तुला सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "जेवणाचं सांगते. ते लोक इतके उपाशी होते, की नेहमीचं अन्न त्यांना सोसत नव्हतं. सैनिकांनी बिचाऱ्यांनी मायेपोटी आपले मांसाचे डबे वाटले, आणि ते खाऊन माणसं गेली. मग आम्हाला एक मिश्रण करायला सांगितलं. दुधाची पावडर, पीठ, साखर, मीठ, पाणी. ते तुमच्याकडून आलं होतं, माहीत आहे? बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिथे वापरलं होतं म्हणे. आम्ही त्याला बंगालचंच नाव दिलं होतं."

तो दुष्काळ पडला त्याच वर्षी माझा जन्म झाला. आई सांगायची, तू पाळण्यात होतीस आणि आमच्या आळीत घरटी एक मूठ तांदूळ बंगालसाठी बाजूला काढत होते. ते तांदूळ तिथे पोचले की नाही, कुणास ठाऊक. मी सिस्टरना हे सांगितलं. त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

"पण ते गोड होतं," त्या पुढे म्हणाल्या. "फार गोड. गोडमिट्ट. पोलंडची, हंगेरीची माणसं ती. त्यांना ते गिळवेना. मळमळायचं, उलट्या व्हायच्या. आम्हाला आधी समजेना. मनात यायचं, एवढे भुकेले आणि नको म्हणतात? एक बाई होती. मला म्हातारी वाटली. पाटीवर वय बघितलं तर एकोणीस. मी चमचा पुढे केला की ती ओठ घट्ट मिटायची. शेजारच्या खाटेवरची एक जण थोडं इंग्रजी बोलायची. ती म्हणाली, सिस्टर, तिला आंबट हवंय. तिची आई बिटाचं आंबट सूप करते."

"मग?"

"मग काय, मी आमच्या आचाऱ्याकडे गेले. त्याने कुठून तरी आंबवलेल्या कोबीची बरणी पैदा केली. त्या कोबीच्या पाण्याचे थोडे थेंब मी त्या मिश्रणात टाकले. डॉक्टरला विचारलं नाही. तिने दोन चमचे घेतले. आणि मला म्हणाली… भाषा कळली नाही. पण शिवी नसावी."

त्या हसल्या. मी विचारलं, "ती जगली?"

"दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं. आमच्या वॉर्डात त्या दिवशी एवढे नवे पेशंट आले, की मला तिच्यामागे जाता आलं नाही. नंतर विचारलं, तर कुणाला सांगता येईना." त्यांनी कप विसळायला घेतले. "आम्ही तिथे पोचल्यावरही माणसं मरतच होती, बाळ. रोज. लोकांना वाटतं, दार उघडलं की संपलं."

त्यांनी मला बाळ म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

माझं दुःख त्या दुःखाच्या शेजारी ठेवण्याजोगं नव्हतं. मी तसं म्हणूनही दाखवलं, तर सिस्टर चक्क चिडल्या. "दुःखाची अशी उतरंड लावायची नसते. तुला भूक नव्हती, मला चमचा धरता येत होता. संपलं."

एकोणसत्तरमध्ये आमची मुलगी झाली, धडधाकट. तिच्या पहिल्या वर्षापासूनच मला सिस्टरच्या घरचा एप्रिल कळू लागला. दर वर्षी त्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे काही माणसं चहाला यायची. त्या छावणीत बरोबर काम केलेली. आधी सहा-सात जण होते, पुढे कमी होत गेले. माझ्या लक्षात राहिले ते दोघं. एक ड्रायव्हर, लष्करी अँब्युलन्स चालवणारे आणि स्ट्रेचर उचलणारे. आता ते बर्मिंगहॅममध्येच बस चालवायचे. बुटके, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. दुसरे केंब्रिजहून येणारे डॉक्टर. छावणीत गेले तेव्हा ते मेडिकल कॉलेजात शिकत होते आणि मदतीला माणसं हवीत म्हटल्यावर इतर विद्यार्थ्यांबरोबर गेले होते. आता डोकं पांढरं झालं होतं, पण सिस्टर अजूनही त्यांना "पोरा" म्हणूनच हाक मारायच्या.

मदतीला म्हणून मी जायचे. खारे शंकरपाळे करून न्यायचे. ते ड्रायव्हरना इतके आवडायचे, की सिस्टर त्यांच्यासाठी वेगळी बशी काढून ठेवायच्या.

मला वाटायचं, ही माणसं आठवणीसाठी जमतात तर आठवणी काढतील. तसं काही व्हायचं नाही. बोलणं व्हायचं ते गुलाबांवर पडलेल्या किडीचं, बसच्या संपाचं, पेन्शनचं, कुणाच्या तरी गुडघ्याचं. दोन-तीन तास बसून, "पुढच्या वर्षी" म्हणून उठायची. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, एवढ्या लांबून येतात आणि त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत."

हे म्हणाले, "काढायला कशाला हवा? एकमेकांना सांगावं लागत नाही, म्हणून तर येत असतील."

फक्त एकदा ड्रायव्हर बोलले, तेही माझ्याशी. मुलगी तीन वर्षांची असेल. सिस्टरच्या कोचावर तिला झोप लागली. मी तिला उचलायला वाकले, तर ते पुढे झाले. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि इतकं सावकाश उचललं, की तिची पापणीसुद्धा हलली नाही. आमच्या घरापर्यंत, जिना चढून पलंगापर्यंत तिला आणून ठेवलं. मी म्हटलं, "किती छान उचलता तुम्ही."

ते दारात घुटमळले. मग म्हणाले, "शिकावं लागलं. तिथे पहिल्या दिवशी मला जमेना. मोठं माणूस म्हणून आपण जोर लावून उचलायला जातो. पाण्याने भरलेली समजून रिकामी बादली उचलली तर कसा झटका बसतो? तसं व्हायचं. त्यांना वजनच नव्हतं. माझ्या झटक्याने एक म्हातारा कळवळला. मग मी आधी नुसता हात खाली घालून थांबायचो. वजन कळेपर्यंत." एवढं बोलून ते जिना उतरून गेले. पांघरूण घालताना मी मुलीच्या अंगावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले.

पंच्याहत्तर सालच्या त्या शनिवारची गोष्ट मात्र वेगळी.

आठवडाभर आधी सिस्टर भिंतीपाशी आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "लीड्सहून एक बाई येते म्हणते. छावणीत पेशंट होती. केंब्रिजच्या डॉक्टरना कुठेशी भेटली, त्यांच्याकडून हे चहाचं कळलं. मला फोन केला आणि म्हणाली, मी आले तर चालेल का?"

"मग चांगलंच की!"

"तुला चांगलं वाटतं. मला भीती वाटते." त्यांनी भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. "इतकी वर्षं आमच्यातलेच आम्ही. तिच्यासमोर काय करायचं? केक कापायचा?"

माझ्या मनात आलं तेच त्यांच्याही मनात असणार. मी हळूच विचारलं, "ती एकोणीस वर्षांची मुलगी तर नसेल?"

"नाही. मी फोनवरच विचारलं. ती त्या वेळी सोळाची होती. दुसऱ्याच इमारतीत होती." आणि मग लगेच, "बरं झालं. असती, तर मला उभं राहवलं नसतं."

शनिवारी मी सकाळपासून त्यांच्याकडे होते. त्यांनी खुर्च्या तीनदा हलवल्या. ड्रायव्हर कोट-टाय घालून आले होते. केंब्रिजचे डॉक्टर खिडकीशी उभे होते. त्या वर्षी एवढेच उरले होते, बाकीचे आजारी होते किंवा गेलेले. तीनच्या सुमाराला टॅक्सी थांबली आणि बाई उतरल्या. पंचेचाळिशीच्या आतबाहेरच्या, निळा कोट, त्याच रंगाचे हातमोजे, केस सलूनमध्ये सेट करून घेतलेले. लीड्समध्ये त्यांचं स्वतःचं कपडे शिवायचं दुकान होतं. इंग्रजी उत्तम, थोडं वेगळ्या वळणाचं.

सगळे उभे राहिले. बाईंनी एकेकाकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "मला तुमच्यापैकी कुणीही ओळखू येत नाही."

"आम्हालाही तुम्ही ओळखू येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"कसं येणार? तेव्हा मी माझ्यासारखी दिसतच नव्हते." बाई हसल्या, मग सगळेच हसले, आणि एकदाचे बसले. मी चहा दिला. पावसाचं, ट्रेनचं बोलून झालं. मग बाईंनी कप खाली ठेवला आणि हातमोजे मांडीवर एकावर एक नीट ठेवले.

"मी आभार मानायला आले आहे, ते मी मानेनच. पण त्याच्या आधी मला एक भांडण करायचं आहे. तीस वर्षांचं आहे."

ड्रायव्हरनी उचललेला शंकरपाळा परत बशीत ठेवला.

"तुम्ही माझे केस कापलेत," बाई म्हणाल्या. "आधीच्या छावणीत त्यांनी आमची डोकी भादरली होती. नंतर ते हळूहळू वाढले. इतके झाले होते." त्यांनी कानाखाली बोट ठेवून दाखवलं. "माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आई नव्हती, बहीण नव्हती, चपला नव्हत्या. केस होते. आणि तुम्ही आलात, आमची सुटका करणारे तुम्ही, आणि मला टेबलावर बसवून परत कापून टाकलेत. मी ओरडत होते. कुणी ऐकलं नाही."

सिस्टर म्हणाल्या, "टायफस होता. उवांमधून पसरत होता. केस ठेवले असते तर…" त्या मधेच थांबल्या. टेबलावरचा हात त्यांनी मांडीवर घेतला. "तुमचं बरोबर आहे. कुणीतरी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. निदान सांगायला हवं होतं. मला फार वाईट वाटतं."

"टायफसचं मला नंतर कळलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "सगळं कळलं. पण रागाला कुठे कळतं? आणि खरं सांगू, त्या दिवशी मला राग आला, हेच मला नवल वाटलं होतं. कित्येक महिन्यांत मला कसलाच राग आला नव्हता."

केंब्रिजच्या डॉक्टरनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आता आभार," बाई म्हणाल्या. "केस कापल्यावर मी भिंतीशी बसून रडत होते. कुणीतरी आलं. तुमच्यातलंच. वर बघायची मला ताकद नव्हती, मला फक्त हात दिसले. त्या माणसाने बँडेजची रुंद पट्टी घेतली आणि माझ्या डोक्याला रुमालासारखी बांधली. नुसती गुंडाळली नाही. गाठ इथे मारली." त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "बाजूला. फॅशनच्या मासिकात मुली बांधतात तशी. मग जरा मागे सरून बघितलं, आणि गाठ पुन्हा सारखी केली. त्या वेळी तिथे किती माणसं मरत होती! आणि या माणसाने माझी गाठ सारखी करायला वेळ काढला. मी एवढंच विचारायला आले आहे. ते कोण होतं?"

त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी मान हलवली. "मी नाही. मी त्या इमारतीत कधी नव्हते." डॉक्टर म्हणाले, "मीही नाही. मी तेव्हा पोचलोच नव्हतो." बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाही, मॅडम."

बाई हिरमुसतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "बरं. मग तुम्ही सगळ्यांनी मिळून घ्या," आणि उठून एकेकापाशी गेल्या. सिस्टरचे दोन्ही गालांचे मुके घेतले, डॉक्टरांचे घेतले, ड्रायव्हरचे घेतले. ते लालबुंद झाले. मी कोपऱ्यात किटली घेऊन उभी होते, तर माझ्याही गालांचे घेतले. मी म्हटलं, "अहो, मी तिथे नव्हते!" त्या म्हणाल्या, "चहा कुणी दिला?"

त्यानंतर ती माणसं बोलू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या इमारतीच्या दाराचा रंग कोणता होता यावर वाद झाला. बाईंना खारे शंकरपाळे भलतेच आवडले, आणि ड्रायव्हरनी आपली बशी त्यांच्यापुढे सरकवली. डॉक्टर एका मुलाबद्दल सांगत होते, तो उशीखाली पाव लपवायचा आणि रोज सकाळी तो आहे ना ते बघायचा. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, तर बाईंनीच त्यांच्या पाठीवर थोपटलं. मी दोनदा किटली भरली. बाहेर उजेड होता तोवर ते चाललं.

बाईंच्या ट्रेनची वेळ झाली. सिस्टर त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेल्या. टॅक्सी बोलवावी की बसने जावं, यावरून दोघींची फाटकापाशीच हुज्जत झाली आणि त्या एकमेकींच्या हातात हात अडकवून, अजून भांडतच, रस्त्याला लागल्या. डॉक्टरही निघाले. मी आणि ड्रायव्हर कप विसळायला लागलो. मी धूत होते, ते पुसत होते.

एकाएकी ते म्हणाले, "मी नाही म्हणालो ना, ते मला नक्की माहीत नाही."

मी वळून पाहिलं.

"मी त्या इमारतीत स्ट्रेचर आणायचो. पट्ट्या असायच्या माझ्याकडे. किती जणींना काय काय बांधलं असेल. तिला बांधली असेल, नसेल. मला आठवत नाही." त्यांनी कपाचा कान फडक्याने पुन्हा पुसला. "हो म्हटलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्याचं असेल तर? तो माणूस आता नसेलही. त्याचं घेऊन कसं चालेल?"

मी म्हटलं, "तुम्ही गाठ अशी बाजूला मारता का?"

त्यांनी थोडा विचार केला. हातातलं फडकं त्यांनी दोन हातांत धरलं, हवेतच एक घडी घातली, गाठ मारायला गेले आणि थांबले. "काय माहीत," असं म्हणाले, आणि लाजून हसले. फडकं झटकून पुढचा कप घेतला.

सिस्टर परत आल्या, त्या कोट न काढता तशाच खुर्चीत बसल्या. डोळे लाल होते. मी पाणी दिलं. एक घोट घेऊन म्हणाल्या, "बस येईपर्यंत काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, तुमचे केस फार वाईट कापलेत कुणीतरी. लीड्सला या, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, ती नीट करून देईल."

"जाणार?"

"ट्रेनचं भाडं द्यायचं आणि वर केस कापून घ्यायचे?" त्या म्हणाल्या. पण मे महिन्यात त्या गेल्या, दोन दिवस राहिल्या, आणि आल्या तेव्हा मागून मान मोकळी दिसेल असे छान आखूड केस होते. भिंतीवरून मला वळून वळून दाखवले.

बाई पुढे दर एप्रिलला येत राहिल्या. अठ्ठ्याहत्तरमध्ये ह्यांना लंडनला नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या स्टॅनमोर भागात घर घेतलं. सिस्टर त्याच सुमाराला रिटायर होऊन समुद्राकाठी आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. चहाचा शनिवार मग ड्रायव्हरांच्या घरी होऊ लागला. आम्ही एक-दोनदा गेलो. त्यांच्या बायकोने मला शंकरपाळ्यांची कृती विचारली, मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिला करून दाखवली. पहिला घाणा जरा करपला, तोच सगळ्यात आधी संपला.